प्रोसेसरचं तापमान आणि कूलिंग

प्रोसेसर कामाला लागला की त्यात जाणारी जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते, ती बाहेर काढायच्या सोयीला कूलिंग म्हणतात आणि ती काढता काढता चिप किती गरम झाली तर चालेल या आकड्याला सुरक्षित तापमान. आधी दोन शब्दांचा घोळ सांगायला हवा. आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणायची सवय आहे, आणि सोलापुरात कूलर म्हटलं की मार्चमध्ये माळ्यावरून खाली येणारा पाण्याचा कूलरच डोळ्यासमोर येतो. या नोंदीत सीपीयू म्हणजे फक्त चिप, आणि कूलर म्हणजे तिच्यावर बसणारा हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) आणि त्याचा पंखा (पाण्याच्या कूलरचा विषय पुढे येतोच).

किती तापमान सुरक्षित याचं उत्तर काळाप्रमाणे आणि मोजायच्या जागेप्रमाणे बदलत गेलंय, जुनी माणसं अजून "साठच्या वर गेला की गेला" म्हणतात ते याचमुळे. त्यांचं चुकत नाही, फक्त तो आकडा वेगळ्या जागेचा आहे. कोअर २ या जुन्या प्रोसेसरांच्या जमान्यात इंटेल टीकेस नावाची मर्यादा छापायचं, म्हणजे चिपवरच्या धातूच्या झाकणाच्या मध्यावरचं तापमान. त्यातल्या क्वाड क्यू६६०० या मॉडेलच्या बी३ आवृत्तीला ते ६२.२ अंश होतं, जी० ला ७१, आणि ई८४०० ला ७२.४. हे मोजायला झाकणात खाच पाडून थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बसवावा लागतो, घरी कोण करणार. सॉफ्टवेअर दाखवायचं ते आतल्या सेन्सरचं, आणि तो सेन्सर खरं तर तापमान सांगतच नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढंच सांगतो. ती कमाल मर्यादा म्हणजे टीजेमॅक्स. डेस्कटॉप कोअर २ साठी इंटेलने ती सुरुवातीला जाहीरच केली नव्हती, त्यामुळे कोणी ८५ धरायचं, कोणी ९५, कोणी १०५, आणि एकाच मशीनवर दोन प्रोग्राम दहा-दहा अंशांच्या फरकाने आकडे दाखवायचे. २००८ च्या सुमारास इंटेलने काही आकडे सांगितले तेही "टार्गेट" म्हणून, हमी म्हणून नाही. तेव्हा त्या काळातले ६५ अंश आणि आजचे ६५ अंश यांची तुलना करू नये हेच बरं.

इंटेलची स्पर्धक एएमडीकडे घोळ वेगळा. तिचे फेनम आणि एफएक्स प्रोसेसर रिकामे बसले असताना खोलीपेक्षाही थंड दाखवायचे, म्हणजे मे महिन्यात सोलापुरात पंख्याखाली बसलेला प्रोसेसर २० अंशांवर! हवेवर चालणारा कूलर खोलीच्या खाली जाऊच शकत नाही, तेव्हा तो आकडा तापमान नव्हताच. तो सेन्सर मर्यादेच्या जवळ आल्यावरच भरवशाचा होता. पुढे २०१७ मध्ये एएमडीचेच रायझन १७००एक्स आणि १८००एक्स खऱ्यापेक्षा मुद्दाम २० अंश जास्त दाखवायचे, पंख्याचं गणित सगळ्या मॉडेलना सारखं बसावं म्हणून, नुसत्या १७०० ला मात्र हा वाढीव आकडा नव्हता.

आजचे आकडे सोपे आहेत. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिपना १०० अंश, रायझन ५८००एक्स ला ९०, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांना ९५, आणि ७८००एक्स३डी ला ८९. मर्यादेला टेकलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, त्याला थ्रॉटल म्हणतात, आणि त्याहून बरंच वर गेला तर मशीन धाडकन बंद. ही सोय साधारण पेंटियम ४ पासून रुळली; २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू मशीनवरून हीटसिंक काढून दाखवला तेव्हा पेंटियम ४ हळू होऊन चालत राहिला आणि एएमडीचे त्या वेळचे अ‍ॅथलॉन जळाले. म्हणजे आता जळण्याची भीती जवळपास नाही, प्रश्न उरतो तो वेगाचा आणि आयुष्याचा. आयुष्याबद्दल "दर १० अंशाला निम्मं" हा नियम सगळे सांगतात, तो अऱ्हेनियसच्या १८८९ च्या, तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो याच्या समीकरणावरून आलाय आणि बोर्डवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना चांगला लागू पडतो. चिपच्या आतल्या तारा झिजण्याचं ब्लॅकचं १९६९ चं सूत्र तापमानाबरोबर करंटची घनताही धरतं, आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे, कारण ८५ अंशांवर रोज चालणाऱ्या चिपपेक्षा व्होल्टेज वाढवून ७० वर ठेवलेली चिप लवकर जाऊ शकते.

आता मुख्य मुद्दा, खोली. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कूलरमुळे येणारा फरक. कूलरची परीक्षणं बहुतेक २१-२२ अंशांच्या एसी खोलीत झालेली असतात, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, स्लॅबखालची खोली रात्री दहालाही तापलेलीच. समजा ११७ वॅट खाणारा आय-५ १२४०० तिकडे २२ अंशांत ७२ वर थांबला, तर फरक ५० अंशांचा. इकडे ४० च्या खोलीत तो ९० ला, आणि कॅबिनेटमध्ये हवा कोंडून आणखी ५ अंश वाढले तर ९५ ला जाणार. कूलर तोच, चिप तीच. म्हणून इथे कूलर घेताना परीक्षणातला आकडा न बघता फरक बघावा आणि त्यात आपला मे महिना मिळवावा.

खोक्यावरचा टीडीपी (चिप किती वॅट उष्णता देईल याचा कंपनीचा आकडा) कूलर निवडायला अपुरा पडतो. १०५ वॅटचा एएम४ सॉकेटवरचा रायझन प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत जातो, ६५ वाला ८८ पर्यंत, आणि इंटेलचा १२९००के पायाला १२५ पण टर्बोत (वेग वाढवतो तेव्हा) २४१ वॅट. ६५ वॅटच्या चिपला ऑफिसकामासाठी सोबत आलेला कूलर चालतो. रेंडरिंग, गेम असेल तर १२० मिलिमीटर पंख्याचा चार हीटपाइपवाला (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर, म्हणजे उभा कूलर, आणि २०० वॅटच्या वर दोन टॉवरचा किंवा मोठा लिक्विड. लिक्विड कूलरमध्ये पाणी आहे म्हणून तो खोलीच्या खाली नेईल असं अनेकांना वाटतं, तसं होत नाही, त्याचा रेडिएटरही त्याच गरम हवेवर चालतो आणि वर पंप बिघडायचा धोका.

पाण्याचा कूलर मात्र खरंच खोली उतरवतो, कारण उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की त्याचा जोर जातो. खिडकीत लावून समोरचं दार उघडं ठेवावं, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये, तुषार आत जातात.

धूळ हा इथला खास भाग. काळ्या मातीचा फुफाटा तर आहेच, शिवाय यंत्रमागाच्या शेडला लागून हिशेबाचं मशीन असेल तर चादरी-टॉवेलच्या सुताचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत जाऊन नमद्यासारखा थर बसतो, पंखा फिरतोय आणि हवा मात्र पलीकडे जातच नाही. अशा ठिकाणी महिन्याला ब्लोअर, घरी तीन-चार महिन्यांनी, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग जातं. कूलर काढला तर थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरच्या मधला उष्णता नेणारा लेप) नवीन लावायचीच. लॅपटॉपचं वेगळं काही नाही, फक्त तो सोलापुरी चादरीवर ठेवून वापरला की खालच्या जाळ्या बंद होतात.

कूलर बदलायच्या आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट कमी करून बघावी, रायझनमध्ये त्याला इको मोड म्हणतात. १०५ चा ६५ वर आणला तर वेग थोडाच पडतो आणि उष्णता १४२ वरून ८८ वॅटवर येते.