६० टक्क्यांची चाळणी आली कुठून? इंजिनिअर भरतीची पार्श्वभूमी

दहावीला ६०, बारावीला ६०, डिग्रीला ६०, लाईव्ह बॅकलॉग (राहिलेले विषय) नको, शिक्षणात गॅप नको आणि पासआउट याच वर्षीचा पाहिजे. कॅम्पसला बसलेल्या कुठल्याही पोराला हे तोंडपाठ असतं. चाकण-भोसरीच्या मालकांना किंवा हिंजवडीतल्या एचआरला विचारा, ते म्हणणार चांगली माणसं मिळत नाहीत, आणि लातूर, यवतमाळ, जळगावची पोरं म्हणणार की आम्हाला टेस्टलाच बसू देत नाहीत. दोघंही खरं बोलतायत. चांगला इंजिनिअर ओळखायचा कसा असा विचार करून ही अट कुणी ठरवलीच नव्हती, अर्जांचा ढीग कमी करायला ती आली आणि मग कुणी काढलीच नाही.

सुरुवातीला डिग्रीचा आणि कारखान्याचा फारसा संबंधच नव्हता. पुण्याचं आजचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ ला सुरू झालं ते सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं तयार करून द्यायला. शिकलेला माणूस सरकारी नोकरीत जायचा, आणि कारखाना काढणाऱ्याला मिळेल त्या माणसातून कारागीर घडवावा लागायचा.

यातलं सगळ्यात भारी उदाहरण किर्लोस्करवाडीचं. लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतःच डावललेले इंजिनिअर. जेजे स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आलं, ते सोडून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, मुंबईच्या व्हीजेटीआय या तांत्रिक संस्थेत शिकवायला लागले आणि तिथं बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. मग नोकरी सोडून बेळगावला सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि १९१० ला औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना. तिथं त्यांनी जमवलेली माणसं बघा. अंतोबा फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण हात आणि डोकं असं की पुढे कारखान्याचे कल्पक इंजिनिअर म्हणून नाव झालं. पहारा कुणाकडे, तर दरोड्यात शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे. आजच्या कुठल्याही पोर्टलवर यांचे प्रोफाइल पहिल्याच फेरीत उडाले असते. आता लगेच ‘जुने लोक किती थोर’ वगैरे म्हणायची गरज नाही, माळावर त्यांच्याकडे पर्यायही कमी होते. पण माणूस कामावर बघून निवडायची पद्धत होती आणि ती चालली, एवढं नक्की.

स्वातंत्र्यानंतर एमआयडीसी आली, पिंपरी-चिंचवड पट्टा उभा राहिला आणि मोठ्या कारखान्यांना माणसं लागायला लागली. १९६१ चा अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा, कायदा त्याच काळातला. आधी तो आयटीआय ट्रेडवाल्यांपुरता होता, १९७३ ला दुरुस्ती करून डिग्री आणि डिप्लोमा इंजिनिअरही त्यात घेतले. म्हणजे नवख्या पोराला वर्षभर कामावर ठेवून बघायची सोय कायद्यातच आहे, आणि ती पन्नासेक वर्षं जुनी आहे. हे पुढे लागेल म्हणून सांगून ठेवतो.

त्या काळात बायकांना मात्र दारच बंद होतं. १९७४ ला टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, आणि बेंगळुरूला शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मग पुण्याला मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. हा किस्सा सगळ्यांना माहितीये. पण अडचण एका जाहिरातीची नव्हती, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच बायकांना रात्रीच्या कामाला बंदी होती, त्यामुळं तीन शिफ्टच्या कारखान्यात मुलगी घ्यायची म्हटलं की मॅनेजर हात वर करायचा. १९९१ ला पुण्यात कमिन्सच्या मदतीनं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, तोपर्यंत बरीच वर्षं वाया गेली होती.

आता खरा वळणाचा टप्पा, १९८३. तोवर राज्यात डिग्री कॉलेजं मोजकी, सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नागपूरचं रिजनल अशी, आणि मार्क चांगले असूनही पोरं कर्नाटकात डोनेशन भरून जायची. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी एमआयटी, भारती विद्यापीठ, कोल्हापूरचं केआयटी अशी कॉलेजं निघाली. शिक्षणसम्राट हा शब्द याच काळातला आणि त्यावरची टीका बरीचशी खरी आहे, पण तालुक्याच्या गावातलं, घरात पहिल्यांदाच कुणी इंजिनिअर होतंय असं पोर याच कॉलेजांतून बाहेर पडलं हेही तितकंच खरं. पुढे देशभर हेच झालं, २०१४-१५ पर्यंत एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाला मंजुरी देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, मंजूर इंजिनिअरिंग जागा डिप्लोमा धरून जवळपास ३२ लाखांवर गेल्या.

आणि याच दरम्यान आयटी आलं. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखांच्या घोळाच्या, आसपास कंपन्यांना हजारांनी माणसं पाहिजे होती, ब्रँच कुठलीही चालेल, सिव्हिलवाला मेकॅनिकलवाला कुणीही या, आम्ही शिकवू. एका पूल कॅम्पसला पाच-दहा कॉलेजांची पोरं एका मैदानात, इंटरव्ह्यू घेणारे मोजके आणि वेळ एक दिवस. मग एक्सेलमध्ये फिल्टर लावायला सगळ्यात सोपं काय, तर टक्के. गंमत बघा, कोडिंग आम्ही शिकवू म्हणणारी कंपनी सहा वर्षांपूर्वीचे दहावीचे मार्क विचारते! त्यात दहावीनंतर डिप्लोमा करून थेट डिग्रीच्या सेकंड इयरला आलेल्या पोराला वर्कशॉप, ड्रॉइंग, मशीन सगळं येतं, पण फॉर्मवर बारावीचा रकाना कंपल्सरी, तो भरायचा काय. पासिंग इयरच्या अटीचं आणखी वाईट. २००८-०९ च्या मंदीत जॉइनिंग लांबलेली पोरं पुढच्या वर्षी जुनी बॅच झाली, यात त्यांची चूक काय होती?

२००५ ला नॅसकॉम ही आयटी कंपन्यांची संघटना आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी यांच्या अहवालात आलं की मल्टिनॅशनल कंपन्यांत काम करण्यासारखे तांत्रिक पदवीधर साधारण २५ टक्केच आहेत. या आकड्यानं फार नुकसान केलं असं माझं मत आहे. तो मल्टिनॅशनलपुरता होता, पण पेपरात ‘पाऊण इंजिनिअर बिनकामाचे’ असा झाला आणि मालकांना फिल्टर आणखी कडक करायला कारण मिळालं.

मार्कांच्या मागं आणखीही काही गाळलं जातं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना पाठवून बघितले. २००७ ला ते छापून आलं. दलित आडनावाला कॉल येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाली. हे सगळे अर्ज कागदावर पात्रच होते.

उलट दिशेनं प्रयत्नही झाले. विप्रोनं १९९५ ला बीएस्सीवाल्यांना घेऊन बिट्स पिलानीबरोबर नोकरी करता करता शिकवायचा प्रोग्राम काढला. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीनं तमिळनाडूत बारावी आणि डिप्लोमा झालेल्या पोरांना स्वतः शिकवून कामावर घेतलं, आणि ते पुढे मोठमोठ्या कॉलेजवाल्यांच्या बरोबरीनं काम करायला लागले. टाटांनी २००८ ला करिअरमध्ये ब्रेक झालेल्या बायकांसाठी इंटर्नशिप आणली. २०१८ ला टीसीएसनं देशभर एकच टेस्ट ठेवली, कॉलेज कुठलंही चालेल म्हणून, पण पात्रतेत ६०-६०-६० होतंच, म्हणजे कॉलेजची अट गेली आणि मार्कांची राहिली.

मोठ्या कंपन्यांचं एक वेळ समजू शकतं, लाखो अर्ज येतात. पण चाळीस माणसांचा टूलरूमवालाही (साचे आणि हत्यारं बनवणारा छोटा कारखानदार) तोच क्रायटेरिया कॉपी करतो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही, त्याला अर्ज येतात वीस! त्याच्यासाठी अप्रेंटिस कायदाच बरा. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यायलाच लागतात, ४ ते २९ असतील तर मर्जीनं घेता येतात. डिग्री-डिप्लोमावाल्यांच्या किमान स्टायपेंडचा अर्धा भाग केंद्र सरकार देतं आणि वर्षानंतर कायम करायची कायद्यानं सक्ती नाही. यातल्या शेवटच्या सवलतीचा फायदा घेऊन दर वर्षी नवीन पोरं वापरून सोडून देणारेही आहेत, ते वेगळं. पण ज्याला खरंच माणूस शोधायचाय त्याला वर्षभर मशीनवर बघायला मिळतं, दहावीचा मार्कशीट न मागता.