शरीराची ठेवण आणि हातांचं काम : पहिल्या भेटीआधी वाचायला

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना कुणीतरी पाठवलेलं असतं. आईने, बायकोने, नाहीतर लग्नाच्या अल्बमने. बाजूने काढलेल्या फोटोत स्वतःची मान खांद्यांच्या पुढे गेलेली दिसते आणि फोन येतो : “पोक काढून मिळेल का?”

पोक काढायचा एक उपाय लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेला असतो : “ताठ बस.” आत्ता बसून बघा. छाती पुढे, कंबर आत, श्वास वरच्या वर. लक्ष जरा दुसरीकडे गेलं की पाठ पुन्हा जुन्या जागी. तुम्ही स्वतःला वर ओढत असता तेव्हा आतून दुसरं काहीतरी तुम्हाला खाली ओढत असतं. त्या दुसऱ्या ओढीवर आम्ही हातांनी दाब देऊन काम करतो. या कामाला ‘स्ट्रक्चरल इंटिग्रेशन’ म्हणतात.

ही ओढ कुठून येते?

मोसंबी सोलल्यावर प्रत्येक फोडीवर पांढरा पापुद्रा दिसतो. आपल्या प्रत्येक स्नायूवर तसंच एक आवरण असतं. त्याला फॅशिया म्हणतात. ते टाळूपासून तळपायापर्यंत एकमेकांत गुंतलेलं असतं, त्यामुळे एका जागची घट्ट पकड दुसऱ्याच जागी जाणवू शकते. सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं, तर सुरकुती पोटावर पडते. पोटावरची सुरकुती कितीही चापून बसवा, बटण बदलल्याशिवाय ती जात नाही. एका खांद्यावरची लॅपटॉपची बॅग, मुरगळून वर्षानुवर्षं जपून टाकलेला पाय, शस्त्रक्रियेचा जुना व्रण, यांपैकी काहीही ते चुकलेलं बटण असू शकतं. म्हणून मान दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या घोट्याला आम्ही हात लावला, तर गैरसमज करून घेऊ नका.

ही पद्धत कुणाची?

‘स्ट्रक्चरल इंटिग्रेशन’ बसवलं आयडा रॉल्फ या अमेरिकन बाईंनी. त्या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. 1920 साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. घेतली आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत संशोधन केलं. योगासनांचाही त्यांनी अभ्यास केला होता. 1960च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन या संस्थेत त्या शिकवू लागल्या आणि हे काम जगभर पोचलं. 1979 साली त्या गेल्या. त्यांच्या नावावरून पडलेलं ‘रॉल्फिंग’ हे नाव नोंदणीकृत आहे आणि ते त्यांच्या संस्थेत शिकलेल्यांनाच वापरता येतं. आम्ही याच परंपरेतल्या दुसऱ्या शाळेत शिकलो, म्हणून आमच्या पाटीवर ते नाव नाही. भारतात फिजिओथेरपीला कायदा आहे, नोंदणी आहे. या कामाला तशी वेगळी सरकारी नोंदणी नाही. त्यामुळे कुठेही जा, समोरचा काय शिकलाय ते बेलाशक विचारा. आम्हालाही.

हात नेमकं काय करतात?

हे मालिश नाही. तेल जवळजवळ लावतच नाही, कारण तेलावर हात घसरतो आणि आम्हाला पकड हवी असते. हाडवैद्यासारखं कटकन हाड बसवणंही नाही. बोटं, मूठ किंवा कोपर एका जागी टेकवून हळूहळू दाब द्यायचा, आम्ही सांगू ती बारीकशी हालचाल तुम्ही करायची आणि आवरण सैल पडेपर्यंत वाट पाहायची.

‘सैल पडतं’ म्हणजे नक्की काय होतं, यावर या क्षेत्रात वाद आहे. जुनं उत्तर असं की, दाबाने आणि उबेने आवरण मऊ होऊन लांबतं. पण मांडीचं बाहेरचं आवरण किंवा तळपायाचा जाड पट्टा खरोखर ताणायला लागणारा जोर माणसाच्या हातात नसतो, असं गणिताने दाखवलं गेलंय. आम्हाला पटतं ते असं : आवरणात संवेदनेच्या नसा भरपूर असतात, संथ स्पर्शाने त्या शांत होतात आणि स्नायू आपली पकड सोडतात. या पद्धतीवर झालेले अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. ठेवण वाकडी म्हणजे दुखणारच, असंही सरळ गणित नाही. म्हणून ‘दहा बैठकांत पाठदुखी कायमची बंद’ असली जाहिरात आमच्याकडून होणार नाही.

दहा बैठका

मूळ क्रम दहा बैठकांचा आहे, प्रत्येकी तास-सव्वा तासाची. पहिलीत छाती आणि बरगड्या, म्हणजे श्वासाला जागा करून देणं. दुसरीत पावलं आणि पोटऱ्या. तिसरीत शरीराच्या दोन्ही बाजू. चौथीत मांडीची आतली बाजू, सहावीत पाठ आणि माकडहाडाचा भाग. शेवटच्या तीन बैठकांत सुटं झालेलं सगळं पुन्हा एकत्र बांधायचं असतं.

दोन बैठकांबद्दल आधीच सांगून ठेवतो. पाचवीत पोटातून, अगदी सावकाश, मणक्यापासून मांडीपर्यंत जाणाऱ्या सोआस स्नायूपर्यंत पोचायचं असतं. त्या दिवशी भरपेट जेवून येऊ नका. सातवी मान आणि डोक्याची. तिच्यात हातमोजे घालून तोंडाच्या आतून जबड्याचे स्नायू सैल करतात. ऐकूनच बरेच जण दचकतात, पण झोपेत दात खाणारे या बैठकीनंतर बराच वेळ जबडा चाचपत बसतात. नको असेल तर नको म्हणा, तेवढं वगळून पुढे जाऊ. हे कुठल्याही बैठकीत, कुठल्याही जागेबद्दल लागू आहे. स्त्रियांना स्त्रीकडूनच काम करून घ्यायचं असेल तर वेळ ठरवतानाच सांगा.

दुखेल का? कधीकधी ‘गोड दुखणं’ म्हणतात तसं होतं. श्वास रोखून धरावा लागला तर दाब जास्त झाला, लगेच सांगा. ‘दुखल्याशिवाय गुण नाही’ हे आम्ही मानत नाही.

कुणी येऊ नये?

पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, ताप असेल, नुकतं फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन झालं असेल, तर आत्ता नको. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हाडांचा ठिसूळपणा, कर्करोगाचे उपचार, गरोदरपण, सुजलेला संधिवात : आधी डॉक्टरांना विचारा. पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत गेली, तर आमची वेळ घेऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

वाढत्या वयाचं मूल असेल, तर घरी एक गोष्ट बघा. त्याला पाय जुळवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. मणक्याचा एका बाजूला गेलेला बाक 10 अंश किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि तो हातांनी सरळ होत नाही. हे सांगून आम्ही काही पालकांना परत पाठवलंय.

येताना

दहा बैठकांचे पैसे आधी घेत नाही. प्रत्येक वेळचे त्या वेळी. तीन बैठकांत तुम्हाला स्वतःला काहीच फरक वाटला नाही, तर तिथेच थांबू.

सैल हाफ पँट आणा, स्त्रियांनी वर बिनबाह्यांचा टॉपही. आणि नवे बूट घालून येऊ नका. रोजची, झिजलेली चप्पल घालून या. कुठली टाच कुठल्या बाजूने झिजलीय हे बघूनच आम्ही सुरुवात करतो.