गुमास्ता काढला म्हणजे नाव आपलं झालं?

‘गुमास्ता काढला, आता हे नाव दुसरा कुणी वापरू शकत नाही’ असा मेसेज घरगुती उद्योगांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी. सरकारी कागदावर आपलं नाव दिसलं की तसं वाटणं साहजिकच.

पण तो कागद एवढंच सांगतो, की अमुक पत्त्यावर अमुक धंदा चालतो. उद्या शेजारच्या तालुक्यात त्याच नावाचे मसाले निघाले, तर नुसता गुमास्ता दाखवून त्यांना अडवता येत नाही. जीएसटी आणि उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) यांचंही तेच.

नावाची नोंदणी १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याखाली होते, तीही मालाच्या वर्गानुसार. मसाले ३०व्या वर्गात, लोणची मात्र २९व्या! नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी नसली तरी आधीपासूनचा वापर आणि नावलौकिक सिद्ध करून दाद मागता येते. म्हणून जुनी बिलं, लेबलं रद्दीत घालू नका. आडनावाचं जरा अवघडच, कारण स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कायदा सहसा रोखत नाही.

पडताळायचं असेल तर सरकारी ट्रेडमार्क संकेतस्थळावर शोध फुकट आहे. वर्ग टाका, नाव टाका, मग उच्चाराने जवळची नावंही बघा. पाट्या रंगवण्याआधी.