धावपट्टीवर माणूस कशाला हवा?

कोकणात धावपट्टीसाठी जागा शोधायची झाली की नजर सड्यांकडे, म्हणजे उघड्या कातळी पठारांकडे जाते. तटरक्षक दलाचा वावर असलेला रत्नागिरीचा विमानतळ आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला चिपीचा विमानतळ, दोन्ही जांभ्याच्या अशाच पठारांवर आहेत. हे झाले मोठे विमानतळ. पण रुग्णाला तातडीने मुंबईला हलवायला, वैमानिकांच्या प्रशिक्षणाला किंवा वादळानंतर मदत पोचवायला चार-सहा आसनी विमानं उतरतील अशा लहान धावपट्ट्याही या किनाऱ्यावर असाव्यात, असं मला मनापासून वाटतं. धावपट्टी एकदा बांधून होते. माणसं मात्र रोज लागतात. दिवसाला दोनच विमानं येणार असतील तर तिथे किती जणांना बसवून ठेवायचं? आणि कुणीच नसेल तर विमान उतरू द्यायचं का?

अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि त्यांतल्या जेमतेम दहाव्या हिश्शात नियंत्रण टॉवर आहे. बाकी ठिकाणी वैमानिक आपले आपण उतरतात. भारतात नियमित प्रवासी सेवेला परवाना असलेला विमानतळ लागतोच. देश कोणताही असो, नियम करणाऱ्यांना आधी हे ठरवावं लागतं की टॉवरमधला माणूस काढला, तर त्याचं काम कुणाच्या गळ्यात पडणार?

वाऱ्याचं काम घ्या. नियंत्रक वारा सांगतो आणि धावपट्टी कोणत्या दिशेने वापरायची ते ठरवून देतो. कोकणात ही दिशा एकाच दिवसात उलटू शकते. रात्री जमीन समुद्रापेक्षा जास्त थंड होते, म्हणून पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे आत येतात. म्हणजे पूर्व-पश्चिम धावपट्टीवर सकाळी समुद्राच्या बाजूने येऊन उतरावं, दुपारी डोंगराच्या बाजूने.

यात चूक झाली तर काय होतं? विमानाचा हवेतला वेग ६० नॉट (ताशी ६० सागरी मैल) धरा. समोरून १० नॉटचा वारा असेल तर जमिनीच्या सापेक्ष वेग ५०, मागून असेल तर ७०. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० चा वर्ग २५००, ७० चा ४९००. म्हणजे तेच विमान थांबवायला ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते, आणि धावपट्टी तेवढीच असते. म्हणूनच वाऱ्याची पिशवी कशी असावी हेसुद्धा आंतरराष्ट्रीय निकषांत लिहिलेलं आहे. ती किमान ३.६ मीटर लांब आणि ३०० मीटर उंचीवरून वाचता येईल अशी असावी लागते. टॉवरमध्ये कुणी नसेल तेव्हा वैमानिक आधी वरून ही पिशवी बघतो आणि मग दिशा ठरवतो. हे काम वैमानिकावर सोपवता येतं.

दुसरं काम विमानांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचं. टॉवर नसलेल्या ठिकाणी सगळे एकाच ठरलेल्या रेडिओ लहरीवर आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत ते बोलत राहतात, घाटातल्या आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावा तसं. पण हॉर्न दुसऱ्याला ऐकू यायला हवा. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, क्विन्सी इथे टॉवर नसलेल्या विमानतळावर एक प्रवासी विमान उतरत होतं. त्याच वेळी एकमेकींना छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवरून एक खाजगी विमान उड्डाणासाठी धावू लागलं. त्याच्या वैमानिकांनी रेडिओकडे नीट लक्ष दिलं नव्हतं. भरीला तिसऱ्याच एका विमानाच्या वैमानिकाचं अर्धवट ऐकू आलेलं बोलणं प्रवासी विमानातल्यांना त्या खाजगी विमानाचं उत्तर वाटलं. दोन्ही विमानं आदळली. १४ जण गेले.

या अपघाताच्या चौकशी अहवालातला पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. प्रवासी विमानातले लोक धडकेतून वाचले होते. बाहेरची माणसं धावत आली, पण दार उघडेना आणि विमानतळावर अग्निशामक नव्हते. इतक्या कमी आसनांच्या विमानासाठी तेव्हाचा नियम ते मागतच नव्हता. २००४ मध्ये नियम बदलून दहा ते तीस आसनांच्या नियमित सेवेचे विमानतळही त्याच्या कक्षेत आणले गेले.

आग विझवणं हे काम वैमानिकावर टाकता येत नाही. मात्र ते विमानाच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त करता येतं, आणि लहान धावपट्ट्यांना आशा आहे ती इथेच. आंतरराष्ट्रीय निकषांत विमानाच्या लांबी-रुंदीवरून दहा वर्ग केले आहेत. २७ मीटर लांबीचं एटीआर-७२ हे प्रवासी विमान पाचव्या वर्गात येतं. त्याच्यासाठी आग विझवायचा मधल्या दर्जाचा फेस वापरला तरी ५४०० लिटर पाणी जवळ हवं. सव्वाआठ मीटरचं सेसना-१७२ हे लहान विमान पहिल्या वर्गात येतं, त्याला २३० लिटर पुरतं. एवढं पाणी एका जीपवर मावतं. त्यामुळे प्रत्येक धावपट्टीवर मोठा बंब हवाच, हा हट्ट मला पटत नाही. पण तिकीट काढून प्रवासी बसले की प्रशिक्षित माणूस जागेवर हवाच.

यंत्रं बरंच काही करतात. अमेरिकेत वैमानिक मायक्रोफोनचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबून धावपट्टीचे दिवे पूर्ण तेजाने लावू शकतो. नॉर्वेतल्या रोस्ट या मासेमारीच्या बेटावर विमानांना माहिती देणारा माणूस २०१९ पासून बोडो शहरात बसून कॅमेऱ्यांतून धावपट्टी पाहतो.

कोकणातल्या सड्यावर मात्र विमान येण्याआधी कुणीतरी धावपट्टीवरून फेरी मारलीच पाहिजे. पीक निघाल्यावर मोकाट सोडलेली गुरं, उघड्या माळावर अंडी घालणाऱ्या टिटव्या, पावसात साचलेलं पाणी हे सगळं जवळून बघावं लागतं. आणि आणखी एका माणसाला विमान किती वाजता पोचणार हे ठाऊक हवं. ठरल्या वेळेनंतर तीस मिनिटांत विमानाची खबर नसेल तर शोधाची पहिली पायरी सुरू होते, पण उशीर झालाय हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. हा दुसरा माणूस धावपट्टीवर असण्याची गरज नाही. तो गावातही असू शकतो. त्याच्याकडे फोन आणि विमानाची वेळ हवी, आणि कुणाला कळवायचं ते त्याला माहीत हवं.