बेलापूरचे केंद्र, वाशीची गर्दी आणि रहिवाशांच्या हरकती : पार्श्वभूमी

मुंबईच्या खाडीपलीकडे नवी मुंबई हे जुळे शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली गेली, १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ९५ गावांच्या जमिनीवर नोड, म्हणजे शहराचे स्वतंत्र वसाहत-विभाग, आखले गेले. शहराचे मुख्य व्यापारी केंद्र बेलापूरला व्हावे, अशी योजना होती. मंत्रालय आणि त्याच्या भोवतीची कार्यालये इकडे आली असती तर ती फळाला आलीही असती, परंतु सरकारने नरिमन पॉइंट सोडला नाही आणि बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन ही सरकारी कार्यालयांची इमारत व काही मोजकी मुख्यालये आली. दरम्यान १९७३ च्या खाडीपुलाने, घाऊक बाजाराच्या स्थलांतराने आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून आलेल्या रेल्वेने वाशी गजबजली. कागदावरचे केंद्र एकीकडे आणि लोकांनी स्वीकारलेले दुसरीकडे, ही विसंगती तेव्हापासूनची आहे.

केंद्र कसे असावे, हे त्या काळात रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. ज्यांची शेते आणि मिठागरे गेली त्या गावकऱ्यांना तर आपले म्हणणे आंदोलनातूनच मांडावे लागले. जानेवारी १९८४ मधील गोळीबारात पाच जणांचा बळी गेला आणि पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड गावकऱ्यांना परत देण्याचा निर्णय झाला. गावठाणे मात्र आराखड्यात जवळजवळ कोरीच राहिली. कुटुंबे वाढली तशी तेथे परवानगीविना ‘गरजेपोटी’ घरे उभी राहिली आणि त्यांच्या नियमितीकरणाचा प्रश्न आजही केंद्रालगतच्या जागेचा विषय निघाला की सर्वांत आधी पुढे येतो.

मोकळे भूखंड विकायचे की सार्वजनिक उपयोगासाठी राखायचे, या आताच्या वादाचे मूळ मात्र जमिनीच्या मालकीत आहे. १९९२ पासून शहराचा कारभार नवी मुंबई महापालिकेकडे आला, जमीन महामंडळाकडेच राहिली. भूखंड निविदेने भाडेपट्ट्यावर द्यायचे आणि त्या पैशातून रस्ते, स्थानके व पुढचे नोड उभारायचे, हे महामंडळाचे अर्थकारण असल्याने स्थानकाजवळचा मोकळा भूखंड हे त्याचे भांडवल ठरते. रहिवासी त्याच भूखंडाकडे मैदान, वाहनतळ, मंडई, वाचनालय किंवा रुग्णालय यांची शेवटची जागा म्हणून पाहतात. महापालिकेने स्थापनेनंतर तीन दशकांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, आपला पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा या दोन दृष्टी समोरासमोर आल्या. महामंडळाच्या भूखंडांवर महापालिकेने सार्वजनिक उपयोगाची आरक्षणे सुचवली होती, तर महामंडळाचा त्यांना विरोध होता. आधीच विकल्या गेलेल्या जागेवर आरक्षण टाकले तर घेणाऱ्याला भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न रास्त आहे. परंतु आराखडा तयार होत असताना विक्री चालू ठेवायची आणि मग विक्री झाल्याचे कारण पुढे करायचे, या क्रमाला नियोजन म्हणणे कठीण आहे. शहरातल्याच सीवूड्स परिसरातील पाणथळ जागांच्या वापराविषयीही रहिवाशांनी आक्षेप घेतले.

कायद्याने रहिवाशांना दिलेली संधी हरकती व सूचनांची आहे, आणि ती आराखडा आखून झाल्यावर मिळते. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातील या तरतुदीचा रोख प्रस्तावित बदलांवर असतो, म्हणून अर्ज सेक्टर आणि भूखंड क्रमांकानिशी केले जातात व सुनावणीही तशीच चालते. स्थानकाभोवतीचा सगळा परिसर कसा असावा, पायी चालणाऱ्याला आधी जागा द्यावी की मोटारीला, कार्यालये सुटल्यावर तेथे कोणी थांबावे असे काही असावे की नाही, हे कोणत्याच भूखंडाच्या अर्जात बसत नाही. त्यामुळे संघटितपणे दिलेल्या सूचनांनाही विखुरलेल्या तक्रारींचे रूप येते.

दरम्यान बेलापूरचे महत्त्व पुन्हा वाढत आहे. २०१४ मध्ये महापालिकेचे मुख्यालय तेथे गेले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. तिने येणारे खारघर व तळोज्याचे प्रवासी मात्र २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेचे रहिवासी आहेत, आणि बेलापूर स्थानक परिसराची आखणी त्यांच्या महापालिकेच्या आराखड्यात येत नाही.