पूड निळी उतरली? पाकीट परत पाठवण्याआधी हे वाचा

आम्ही आम्ल-अल्कली ओळखायचे संच विकतो: लाल कोबीची पूड, हळदीच्या पट्ट्या आणि रंगांचा तक्ता. परत येणाऱ्या पाकिटांसोबतची तक्रार बहुतेक एकाच वळणाची असते. ‘लाल कोबीची पूड पाण्यात टाकली, जांभळा रंग यायला हवा होता, आला निळा. पूड जुनी दिसते, बदलून द्या.’ आम्ही ते पाकीट उघडतो, चिमूटभर पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकतो आणि ती छान जांभळी उतरते. मग फोन, मग कुरिअर, आणि नवी पूड त्याच नळाखाली पुन्हा निळी! यात तुमचा आठवडा जातो, आमचाही.

पूड बिघडलेली नसते. तिनं तुमच्या पाण्याचीच चाचणी करून टाकलेली असते. कोबीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य उदासीन पाण्यात जांभळं असतं आणि सामू (pH, म्हणजे द्रव आम्लाकडे आहे की अल्कलीकडे हे सांगणारा ० ते १४ मधला आकडा, ७ म्हणजे उदासीन) ८ च्या आसपास गेला की निळं होतं. जड पाण्यात बायकार्बोनेट असतं, त्यामुळे ते मुळातच किंचित आम्लारीधर्मी, म्हणजे अल्कलीच्या बाजूचं असतं. गंमत म्हणजे रंग चांगला उतरावा म्हणून जे पाणी खळखळून उकळतात, त्यांच्याकडे निळा आणखी गडद येतो. उकळताना कार्बन डायॉक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊ लागतं आणि सामू वर चढतो. आमची पूड बारीक दळलेली आहे. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवली तरी पुरते.

पाणी ठीक असेल तर भांडं बघा. साबण नीट न विसळलेला पेला हा नेहमीचा आरोपी. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची भांडी तर वापरूच नका, कारण या धातूंचे आयन रंगद्रव्याला चिकटून निळसर छटा देतात. त्या निळ्याचा सामूशी काही संबंध नसतो. काचेचा पेला सगळ्यात बरा.

खरा घोळ मात्र पुढे होतो. निळा रंग पाहून कुणीतरी त्यात लिंबाचे दोन थेंब पिळतं आणि पाणी पुन्हा जांभळं झालं म्हणून खूश होतं. तो रंग दुरुस्त झालेला नाही, दर्शकातच, म्हणजे रंग बदलून दाखवणाऱ्या पुडीच्या पाण्यातच, आम्ल मिसळलंय. आता सौम्य साबणाचं पाणी तपासलंत, तर त्यातली थोडीशी अल्कली त्या लिंबातच खपते, रंग जांभळा राहतो आणि वहीत लिहिलं जातं ‘साबण उदासीन’. मग आम्हाला विचारणा येते, की तुमचा तक्ता चुकलाय का?

म्हणून एकच सवय लावा: दरवेळी एक कोरा पेला ठेवा. त्यात फक्त तुमचं पाणी आणि दर्शकाचे चार-पाच थेंब. बाकीच्या पेल्यांची तुलना त्याच्याशी करा. कोराच निळा आला, तर पाणी बदला. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर चालतं, आणि आमच्या मोठ्या संचात त्याची छोटी बाटली असतेच. लहान संचात ती नाही, कारण वाटेत गळली की पूड आणि पट्ट्या दोन्ही भिजतात. हे आम्ही अनुभवानं शिकलो.

हळदीच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. लिंबू, व्हिनेगर आणि साधं पाणी, तिन्हींत त्या पिवळ्याच राहणार. हळद फक्त आम्लारी ओळखते, तिथे ती लालसर तपकिरी होते. हा दोष नाही, म्हणूनच पट्ट्या आणि पूड जोडीनं देतो. पट्ट्या उन्हात ठेवू नका, फिक्या पडतात.

धुण्याच्या सोड्यात पूड हिरवी होते. अल्कली फार तीव्र असेल तर तो हिरवा हळूहळू पिवळा पडतो, म्हणून रंग मिनिटभरात वाचा. ब्लीच मात्र तपासूच नका. ते रंगद्रव्यच मोडून टाकतं, त्या पांढऱ्या पाण्यावरून सामू कळत नाही. आणि टॉयलेट क्लीनर तपासून उरलेलं पाणी ब्लीचजवळ नेऊ नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

‘तक्त्यावर पाचच रंग का, चौदा का नाहीत?’ असंही विचारतात. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये व्हायोलेट फुलांच्या पाकावर हेच पाहिलं होतं, आम्लात लाल, अल्कलीत हिरवा. त्यांच्याकडे आकडे नव्हते, कारण सामूची मोजपट्टीच डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसन यांनी १९०९ मध्ये आणली. वनस्पतीचा रंग बाजू सांगतो, थोडीफार तीव्रता सांगतो. ८.३ आणि ८.६ यांतला फरक तो सांगेल असं छापलं, तर आम्ही खोटं छापलं. आकडाच हवा असेल तर मीटर घ्या. तो आम्ही विकत नाही.

तयार द्रव विकत नाही त्याचंही कारण साधं आहे, तो काही दिवसांत आंबतो. पूड कोरड्या, झाकणबंद डब्यात महिनोन्महिने राहते. संपली तर अख्खा संच पुन्हा घ्यायची गरज नाही, नुसती पूड किंवा नुसत्या पट्ट्या वेगळ्या मिळतात.

एवढं करूनही पूड निळीच उतरली, तर जरूर परत पाठवा. फक्त पाकिटासोबत तुम्ही वापरलेलं पाणीही लहान बाटलीत, झाकण घट्ट लावून पाठवा. दोन्ही एकाच टेबलावर तपासू आणि चूक पुडीची निघाली तर बदलून देऊ.