एक चलन, एकवीस तिजोऱ्या: युरोच्या रचनेतली जुनी फट

१ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरियाने लेव्ह सोडून युरो स्वीकारला आणि युरो वापरणाऱ्या सदस्य देशांची संख्या २१ झाली. या सगळ्यांसाठी व्याजदर ठरतो फ्रँकफुर्टमध्ये, युरोपीय मध्यवर्ती बँकेत. कर किती घ्यायचा, निवृत्तिवेतन किती द्यायचे, कर्ज किती काढायचे, हे मात्र २१ देश आपापले ठरवतात. युरोपीय महासंघातले गेल्या तीन दशकांतले बहुतेक मोठे आर्थिक तंटे या फटीतून बाहेर आले आहेत. ती नजरचुकीने राहिलेली नाही. ती कुठे पडणार, हे १९७० पासून माहीत होते.

सुरुवात कोळसा आणि पोलादापासून झाली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीचे कोळसा-पोलाद उत्पादन एका सामायिक मंडळाखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. पुढच्या वर्षी सहा देशांनी पॅरिस करारावर सह्या केल्या. त्यापाठोपाठ सामायिक युरोपीय सैन्याचाही करार झाला. पण ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने तो फेटाळला. तेव्हापासून एक रीत पडली: राजकीय वाट अडली की बाजारपेठेच्या वाटेने पुढे सरकायचे. १९५७चा रोम करार हे त्याचेच फळ. बहुमताने निर्णय घेण्याची वेळ जवळ आली तेव्हा राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या फ्रान्सने १९६५ मध्ये सहा महिने बैठकांवर बहिष्कार टाकला. जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्गला जी तडजोड झाली, तिने महत्त्वाच्या राष्ट्रीय हिताच्या प्रश्नावर एकमत होईपर्यंत थांबण्याची सवय महासंघाला लावली.

सामायिक चलनाचा पहिला सविस्तर आराखडा ऑक्टोबर १९७० मधला. लक्झेंबर्गचे पंतप्रधान प्येर वेर्नर यांच्या समितीने दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने चलनसंघ उभारायला सांगितले आणि त्यासाठी दोन संस्था मागितल्या: मध्यवर्ती बँकांची सामायिक व्यवस्था, आणि आर्थिक धोरण ठरवणारे, युरोपीय संसदेला उत्तरदायी असे केंद्र. पुढे पहिली मिळाली, दुसरी आजवर नाही. वाद तेव्हापासूनचा आहे. जर्मनी आणि नेदरलँड्स म्हणत, आधी अर्थव्यवस्था जुळू द्या, मग चलन जोडा. फ्रान्स आणि बेल्जियमचे म्हणणे उलट: चलन जोडले की बाकीचे आपोआप जुळेल.

ऑगस्ट १९७१ मध्ये डॉलरचा सोन्याशी असलेला दुवा तुटला आणि हा आराखडा मागे पडला. १९७२ मध्ये युरोपीय चलनांना परस्परांच्या तुलनेत सव्वादोन टक्के वर-खाली एवढ्याच पट्ट्यात ठेवण्याचा प्रयोग झाला. फ्रान्स त्यातून १९७४ मध्ये बाहेर पडला, १९७५ मध्ये परतला आणि १९७६ मध्ये पुन्हा बाहेर गेला. १९७९ची युरोपीय चलनव्यवस्था जास्त टिकली, कारण वेळोवेळी दर बदलून घेण्याची सोय होती आणि अनेक देशांत भांडवलाच्या हालचालीवर निर्बंध होते. १९९०च्या मध्यापासून बहुतेक सदस्य देशांत ते निर्बंध उठले. स्थिर विनिमयदर, मोकळे भांडवल आणि स्वतंत्र व्याजदर ही तीन टोके एकत्र बांधता येत नाहीत. जर्मन एकीकरणाच्या खर्चाने वाढलेली महागाई रोखण्यासाठी बुंडेसबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर चढे ठेवले. मंदीतल्या ब्रिटनला ते झेपणारे नव्हते. १६ सप्टेंबर १९९२ रोजी ब्रिटनने एकाच दिवशी व्याजदर १० वरून १२ टक्क्यांवर नेला, १५ टक्क्यांची घोषणा केली आणि संध्याकाळपर्यंत पौंड व्यवस्थेबाहेर काढला. पुढच्या वर्षी पट्टा १५ टक्क्यांपर्यंत रुंद करावा लागला.

या धक्क्याच्या काही महिने आधी, ७ फेब्रुवारी १९९२ रोजी, मास्ट्रिख्ट करारावर सह्या झाल्या होत्या. सामायिक चलनात येण्यासाठी सरकारी तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांपर्यंत आणि सरकारी कर्ज ६० टक्क्यांपर्यंत हवे, असे ठरले. या आकड्यांमागे साधा हिशेब आहे. त्या वेळी सदस्य देशांचे सरासरी कर्ज ६० टक्क्यांच्या आसपास होते. महागाई धरून जीडीपी वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत असेल, तर ३ टक्के तूट ठेवूनही कर्ज ६० वर स्थिर राहते, कारण ६०चे ५ टक्के म्हणजे ३. वाढ ३ टक्क्यांवर घसरली की तीच तूट कर्जाला हळूहळू १००कडे नेते. ही दुसरी शक्यता गांभीर्याने घेतली गेली नाही. शिवाय ‘६०च्या दिशेने उतरते’ कर्ज चालेल अशी सवलत होती. तिच्या आधारे इटली आणि बेल्जियम शंभराच्या वर कर्ज असताना आत आले.

कराराने एका देशाचे कर्ज दुसऱ्याच्या किंवा महासंघाच्या माथी मारायला मनाई केली आणि मध्यवर्ती बँकेला सरकारांना थेट पैसा पुरवण्यास बंदी घातली. सामायिक तिजोरी मात्र निर्माण केली नाही. महासंघाचा अर्थसंकल्प सदस्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का असतो. भारतात वित्त आयोगाच्या सूत्राने केंद्रीय करांच्या विभाज्य रकमेतला मोठा वाटा राज्यांकडे जातो, त्यामुळे एखादे राज्य अडचणीत आले तरी रुपया डळमळत नाही. युरोला तशी उशी नव्हती.

पहिल्या दशकात नियम मोडला तो मोठ्यांनी. नोव्हेंबर २००३ मध्ये जर्मनी आणि फ्रान्सवरची जादा तुटीची कारवाई अर्थमंत्र्यांनी थांबवून ठेवली. पण माझ्या मते खरा बिघाड नियम पाळणाऱ्या देशांत झाला. जो व्याजदर मंदावलेल्या जर्मनीला जड जात होता, तोच तेजीतल्या स्पेन आणि आयर्लंडला फार स्वस्त होता. २००७ मध्ये स्पेनचा अर्थसंकल्प शिलकीत होता आणि सरकारी कर्ज ४० टक्क्यांखाली. नियमांच्या दृष्टीने आदर्श देश. घरबांधणीचा फुगा मात्र बँकांच्या कर्जांवर वाढत होता, आणि बँकांचे कर्ज मोजणारा निकष करारात नव्हताच.

ग्रीसची गोष्ट वेगळी. तिथे आकडेच खोटे होते. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या नव्या सरकारने तूट आधीच्या अंदाजाच्या कित्येक पट असल्याचे सांगितले. अंतिम आकडा १५ टक्क्यांच्या वर गेला. स्वतःचे चलन असलेला देश अशा वेळी अवमूल्यन करतो आणि त्याची मध्यवर्ती बँक रोखे घेऊ शकते. ग्रीसकडे दोन्ही साधने नव्हती. उरला तो मजुरी आणि निवृत्तिवेतन कापण्याचा मार्ग. त्यातून जीडीपी आकसला की कर्जाचे प्रमाण आणखी फुगते. सरकारी रोखे देशी बँकांकडे असल्याने सरकार बुडाले की बँका बुडतात आणि बँका वाचवताना सरकार बुडते.

मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोचे पहिले कर्ज मिळाले. त्यातले ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे. खासगी धनकोंच्या रोख्यांचे दर्शनी मूल्य ५३.५ टक्क्यांनी कापायला २०१२ उजाडले. ही कपात दोन वर्षे लवकर झाली असती, तर ग्रीक जनतेचे हाल पुष्कळ कमी झाले असते. २०१३ मध्ये तिथे २७ टक्के लोक बेरोजगार होते. तरुणांत निम्म्याहून अधिक. २०१५ मध्ये बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येऊ लागले. सार्वमतात ६१ टक्क्यांनी धनकोंच्या अटी नाकारल्या आणि आठवड्याभरात सरकारला त्याहून कडक अटी मान्य कराव्या लागल्या. मतदाराने दिलेला कौल आणि चलनसंघाची गरज यांची इतकी उघड टक्कर त्याआधी झाली नव्हती.

रोखेबाजार शांत झाला तो २६ जुलै २०१२ रोजी. युरो टिकवण्यासाठी अधिकारात बसेल ते सारे करू, असे युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी लंडनमध्ये सांगितले. त्यानंतर जाहीर झालेल्या रोखेखरेदी योजनेतून एकही युरो खर्च करावा लागला नाही. निवडून न आलेल्या संस्थेने हे काम केले, कारण निवडून आलेल्यांना ते जमत नव्हते.

मूळ करार दुरुस्त करण्याची हिंमत कोणात नाही. २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपीय राज्यघटनेचा मसुदा फेटाळला, ती भीती अजून गेलेली नाही. म्हणून अडचणीतल्या युरो देशांना ५०० अब्ज युरोपर्यंत कर्ज देऊ शकणारी स्थैर्य यंत्रणा २०१२ मध्ये वेगळ्या आंतरसरकारी कराराने उभी राहिली. बँकांवर सामायिक देखरेख २०१४ पासून आहे. सामायिक ठेवविम्याचा २०१५चा प्रस्ताव मात्र अडकून पडला. जर्मन ठेवीदारांना इटालियन बँकांच्या जोखमीचा भार नको, आणि इटलीला तिथल्या बँकांनी घेतलेल्या सरकारी रोख्यांवर मर्यादा नको.

कोविडने एक दार उघडले. जुलै २०२० मध्ये महासंघाच्या २७ सदस्य देशांच्या (युरो न वापरणारे धरून) नेत्यांनी ७५० अब्ज युरोचा निधी मंजूर केला: ३९० अब्ज अनुदान, ३६० अब्ज कर्ज, आणि सगळी उभारणी महासंघाच्या नावाने काढलेल्या रोख्यांतून. त्याच नोव्हेंबरमध्ये कायद्याच्या राज्याची अट जोडल्यामुळे हंगेरी आणि पोलंडने तो रोखून धरला. इतर अनेक बाबतीत १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या एवढे बहुमत पुरते. कर, परराष्ट्र धोरण आणि दीर्घकालीन अर्थसंकल्प यांना एकमत लागते. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनला द्यायचे ५० अब्ज युरोही हंगेरीच्या एका नकाराने सुमारे दीड महिना अडले.

कोविड निधीच्या रोख्यांची परतफेड २०२८ पासून जोर धरेल आणि २०५८ पर्यंत चालेल. युरोपीय आयोगाने, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी संस्थेने, जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या २०२८ ते २०३४च्या अर्थसंकल्पात त्यासाठी वर्षाला सुमारे २४ अब्ज युरो धरले आहेत. हा पैसा महासंघाच्या नव्या करउत्पन्नातून यावा, असा आयोगाचा प्रस्ताव आहे. त्याला आधी सर्व सरकारांचे एकमत लागते आणि मग प्रत्येक देशात स्वतंत्र मंजुरी.